खंदारेबाईंची नजर

सेलूच्या आठवडी बाजारात वांगी घेताना बाकीच्या बाया वांगं दाबून बघायच्या, देठ बघायच्या, कीड आहे का ते बघायच्या. खंदारेबाई वांगं पदराच्या काठाला लावून बघायच्या.

"हे जरा काळं मारायलंय," त्या माळणीला म्हणायच्या. "ह्याच्यापेक्षा उजळ दाखव."

"बाई, तुमाला ह्याचं कालवण करायचंय का ह्याचं लुगडं नेसायचंय?" माळीण वैतागायची.

"उद्या बी हीच जांभळ्या काठाची नेसायची हाय. ताटात दुसराच जांभळा आला तर डोळ्याला टोचतो."

मी शेजारी पिशवी धरून उभी असायचे आणि मनातल्या मनात जळायचे. कारण चांगली दाबून, निरखून घेतलेली माझी वांगी निम्मी किडकी निघायची आणि त्यांची, रंगावर निवडलेली, एकजात चांगली.

आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. जिनिंगच्या मागं सहा खोल्यांची एक ओळ होती, पुढं मालकाचं दुमजली घर आणि मध्ये एक हापसा. हंगामात कापसाचे पुंजके उडून सगळ्यांच्या दारात यायचे. आम्ही ते झाडून टाकायचो. खंदारेबाई ते वेचायच्या. वर्षाकाठी त्यातून त्यांची एक उशी व्हायची. आमचे हे तालुक्याच्या कचेरीत कारकून, खंदारेबाई शाळेत मास्तरीण. नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत वारलेला, मूलबाळ नाही. पगार बेताचा, त्यातलाही बराचसा गावाकडं आईला जायचा. पण राहणं असं, की नवीन माणूस ओळीत आला की तिसऱ्या खोलीपाशी थबकायचा आणि विचारायचा, "हितं कोन साहेब राहत्यात?"

माझ्या खोलीपाशी कधी कोणी थबकलं नाही. आणि माझ्याकडं काय कमी होतं? माहेरची पितळी भांडी होती, काचेचं कपाट होतं, अंगावर सोनं होतं. खंदारेबाईंकडं मैद्याच्या रिकाम्या पिशव्या होत्या.

होय, पिशव्या. बेकरीवाल्याकडून आणायच्या, शिवण उसवायची, सोड्यात उकळून छपाई घालवायची आणि कांद्याच्या सालींच्या पाण्यात रंगवायच्या. असा मधासारखा रंग चढायचा की विचारू नका. त्याचे पडदे केले होते. एका पिशवीवरचा 'शुद्ध' एवढा शब्द काही केल्या जाईना. बाईंनी त्याच्याभोवती हिरव्या दोऱ्यानं वेल काढली आणि तोच पडदा दाराला लावला. वारा आला की 'शुद्ध' हलायचा. सगळ्या ओळीला वाटलं, मुद्दाम भरतकाम केलंय.

"एवढं कसं सुचतं हो तुमाला?" मी एकदा विचारलं. कौतुकानं नाही, खोट काढायला.

"नजर पायजे, वैनी. पैशात काय न्हाई. नजर पायजे."

नजर माझ्याकडंही होतीच. पण ती सगळी त्यांच्या खोलीला लागलेली.

त्यांच्याकडं साड्या सहा. मी दोरीवर वाळताना मोजल्या होत्या. पण विटलेल्या साडीचा काठ काढून दुसरीला लावायचा, पदराचा झंपर शिवायचा, उरलेल्या तुकड्याची हातात धरायची दस्ती, म्हणजे रुमाल करायचा. असं करून सहाच्या वीस भासवायच्या. इस्त्री नव्हती. पितळी तांब्यात निखारे घालून त्या साडीवर असा फिरवायच्या की घडी पडली तर कागदासारखी. आमचे हे सकाळी दात घासत ओट्यावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "बघ जरा. टापटीप म्हनतात ती ही."

तसं म्हणाले की त्या दिवशी मी ह्यांच्या चहात साखर घालायचे नाही.

मग मीही एकदा ठरवलं. महिनाभर कांद्याच्या साली साठवल्या. पाणी उकळलं, पडद्याचं कापड बुडवलं आणि घाईत त्याच बादलीत ह्यांचे तीन बनियन गेले. पडदे पिवळे पडल्यासारखे दिसायला लागले, बनियन मात्र झकास भगवे झाले. पातळ शर्टातून ते दिसायचे. कचेरीत ह्यांना पंधरा दिवस सगळे 'महाराज' म्हणत होते. खंदारेबाई भिंतीपलीकडून हसल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. उलट हापशावर हळूच म्हणाल्या, "रंग धराया तुरटी घालायची ऱ्हायली वैनी. पुढच्या बारीला मला हाक मारा." मी हाक मारली नाही.

सगळ्यात जळायचं ते त्यांच्या खाण्यावरून. आमच्याकडं सुशीला म्हणजे भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकायचे आणि ताटलीत लोटून द्यायचे. खंदारेबाई ती वाटीत दाबून ताटलीत उपडी करायच्या. वर गाजराचं फूल, बाजूला कोथिंबिरीची दोन पानं. रविवारी अशा पाच ताटल्या भरून, क्रोशाचा रुमाल टाकून त्या ओळीतल्या दारोदार जायच्या.

आणि प्रत्येक दारात त्या दिवशी उपवास असायचा.

पहिल्या खोलीत चतुर्थी. चौथ्या खोलीत नवस. पाचव्या खोलीतल्या बाईचा रविवारचाच उपवास. मी पोट दाबून म्हणायचे, "आज कसंतरीच व्हायलंय हो." ताटली मात्र नीट बघून घ्यायचे. गाजराचं फूल कसं कापलंय ते आत जाऊन करून बघायचे.

कारण मी सांगायची गरज नव्हती, सगळ्या ओळीला ठाऊक होतं. खंदारेबाई बौद्ध होत्या. आईबापानं दीक्षा घेतली तेव्हा त्या लहान होत्या. बाया त्यांच्याकडं पडद्याचा नमुना बघायला जायच्या, झंपराचं माप टाकायला जायच्या, पण उंबऱ्यावर उभ्या राहून. पाणी कोणी प्यायलं नाही. मीही नाही. तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही, हे मी आता खरं सांगते.

खंदारेबाईंनी त्यावर काय करावं? कोणाचा कोणत्या वारी उपवास असतो ते एका वहीत टिपून घेतलं आणि पुढच्या खेपेला उपवासाचं केलं. भगरीच्या मुदी, शेंगदाण्याची आमटी, वर दह्याचा एक थेंब. तो थेंबसुद्धा बरोबर मधोमध. त्या दिवशी सगळ्या ओळीला एकदम आठवलं की उपवास कालच सुटला. पाचही ताटल्या तशाच परत गेल्या. संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला नाही.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कधी बंद, कधी दगडफेकीची बातमी, कधी एसटी बंद. एका सकाळी गावातून मोर्चा निघणार होता. खंदारेबाईंनी तांब्यात निखारे घातले, निळ्या काठाची पांढरी साडी कडक केली आणि अंबाड्यात जाईचा गजरा माळून निघाल्या. ओळीतल्या बाया दारं लावून फटीतून बघत होत्या. दुपारी त्या उन्हातून चालून आल्या, चपलेचा अंगठा तुटलेला, आवाज बसलेला, पण निऱ्या जागच्या जागी. मला तेव्हा नामांतराचं काही सुचलं नाही. एवढंच सुचलं की मी देवळात जाऊन आले तरी माझ्या निऱ्या सुटतात.

मोर्चानंतर आठवडाभरानं मालकीणकाकू माझ्याकडं येऊन बसल्या. एरवी भाडं द्यायला आम्हीच त्यांच्याकडं जायचो. त्या सुपारी कातरत म्हणाल्या, "तुमच्या शेजारनीचं कसं काय? कुनाला काय तरास?"

त्या काय विचारतायत ते मला कळत होतं. नाही म्हणाले असते तर तिथंच संपलं असतं. पण आदल्याच दिवशी माझी नणंद आली होती. माझं काचेचं कपाट तिनं बघितलंसुद्धा नाही, आणि खंदारेबाईंच्या दाराशी पाऊण तास उभी राहून मला येऊन म्हणाली, "वैनी, शिका की जरा त्यांच्याकडून."

"तरास कसला," मी म्हणाले. "भिंतीवर काही ना काही टांगायला खिळे तेवढे लय ठोकतात. भिंत पोखरून काढली हो."

काकूंची सुपारी कातरायची थांबली. हवं ते सापडल्यासारख्या त्या उठल्या.

पुढच्या आठवड्यात खंदारेबाईंना निरोप गेला. खिळ्यांनी भिंती खराब व्हायल्यात, खोली रिकामी करा. बाईंनी वाद घातला नाही. एक एक खिळा पकडीनं काढला, शाळेतले खडूचे तुकडे कुटून त्याची लुकण केली, भोकं बुजवली आणि वर चुन्याचा हात दिला. बदलीचा अर्ज टाकला, पालमची शाळा मिळाली. पेटी, वळकटी आणि उशा घेऊन त्या टेम्पोतून गेल्या. जाताना माझ्या दाराशी थांबून म्हणाल्या, "येते वैनी. तब्येतीला जपा." त्या गेल्यावर मी त्यांच्या उंबऱ्यावरूनच रिकामी खोली बघितली. रिकामी असूनही ती माझ्या भरल्या खोलीपेक्षा देखणी दिसत होती.

नंतर तिथं एक कुटुंब आलं. त्यांच्या दाराला पडद्याऐवजी फाटकं चवाळं. मला वाटलं होतं आता जिवाला थंडावा मिळेल. झालं उलटंच. शेजारी जळण्यासारखं काही उरलं नाही आणि माझं सगळंच ढिलं पडलं. केस दुपारपर्यंत तसेच, सुशीला पुन्हा ताटलीत लोटलेली. ह्यांनी एकदा विचारलं, "बरं न्हाई का तुला?" आणि रात्रंदिवस ते खिळ्यांचं वाक्य माझ्या डोक्यात ठोकलं जायचं.

दोन वर्षांनी ह्यांच्या चुलतभावाचं लग्न पालमला निघालं. परभणीला गाडी बदलून, गंगाखेडवरून धक्के खात आम्ही पोचलो. दुपारी बाया हळदीत गुंतलेल्या बघून मी मागच्या दारानं बाहेर पडले. खंदारेबाईंचं घर विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "बाईचं घर व्हय? पोरी खेळायल्यात ना, त्याच्या मागं."

पोरी लंगडी खेळत होत्या. तिघींच्या अंगावर मधाच्या रंगाचे झगे होते. मी ते कापड कुठंही ओळखलं असतं.

दार उघडं होतं, पडद्याशिवाय. आत दोघी बाया सुपात तूर पाखडत बसल्या होत्या, कोपऱ्यात मुली जमिनीवरच गणितं सोडवत होत्या, एका कोनाड्यात कुणाचं तरी औषध, दुसऱ्यात कुणाची तरी चप्पल. भिंतींवर काही नाही. आणि मधोमध खंदारेबाई, केस मोकळे, साडीचा काठ फाटलेला, मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं लेकरू.

"वैनी!" त्या म्हणाल्या आणि त्यांचा हात आधी केसांकडं गेला. मग हसून तो खाली आला. "बसा की. आत या, आत."

मी आत गेले. त्यांचा उंबरा मी पहिल्यांदाच ओलांडत होते. तूर पाखडणाऱ्या बाया सूप उचलून अंगणात गेल्या. बाईंनी मला जेवता का, असं विचारलं नाही. इतक्या वर्षांत विचारून त्या थकल्या असाव्यात. मीच म्हणाले, "भूक लागलीय."

त्यांनी लेकरू वाकळेवर निजवलं, हात धुतले आणि दोन ताटं घेतली. जर्मनची, पोचे पडलेली. ज्वारीची भाकरी, भाजलेल्या डाळींच्या येसराची आमटी, फोडलेला कांदा. फूल नाही, पान नाही. आमटी ताटात वेडीवाकडी पसरली. तिची चव काय सांगू? मी सहा वर्षं नुसतं बघत होते ते आता तोंडात होतं.

दुसऱ्या घासाला मला राहवलं नाही. "बाई, ते खिळ्यांचं मी बोलले होते. मालकीणकाकूंपाशी."

"ठाव हाय," त्या कांदा सोलत म्हणाल्या. "भित पातळ होती वैनी. सगळं ऐकू यायचं."

"मग भांडला का न्हाई माझ्याशी?"

त्यांनी पाकळी माझ्या ताटात ठेवली. "भांडले असते तर मी जाईपातूर तुमी यायचं बंद केलं असतं. उंबऱ्यापातूर का व्हईना, येत व्हता. पडद्याला नावं ठेवायला येत व्हता, ते बी कळायचं मला. पर तुमी येनार म्हनून मी नवीन काही तरी करून ठिवायची. दुसरं कोन एवढं निरखून बघनारं होतं?"

मी ती कांद्याची पाकळी भाकरीत गुंडाळली.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. हाक नाही, खाकरणं नाही. हातात रिकामी वाटी. ती सरळ फळीपाशी गेली, बरणी उघडून लोणच्याच्या दोन फोडी घेतल्या आणि परत जाताना वाकून खंदारेबाईंच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवून तोंडात टाकला.

"निरू, मीठ कमी पडलं बग आज," असं म्हणत बोट चाटत ती निघूनही गेली.

निरू. निर्मला असणार, नाहीतर निरुपमा. सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले मी, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. पडद्यांचा, साड्यांचा, गाजराच्या फुलांचा मी जो हेवा केला तो सगळा एकत्र केला तरी त्या लोणचं नेणाऱ्या बाईचा वाटला तेवढा भरणार नाही.

मी ताट पुढं केलं. "अर्धी भाकरी वाढा," म्हणाले.

त्यांनी पूर्ण वाढली.