कोंबड्याऐवजी खत

चांगली कथा आपोआप सुचते, हा आपल्या समाजातला फार जुना गैरसमज आहे. आपोआप उगवतं ते तण. कथेला मशागत लागते, आणि मशागत म्हटली की समिती आलीच.

हे सत्य सेलू रस्त्यावरच्या बुनियादी अध्यापन विद्यालयानं १९५५ साली ओळखलं आणि शेवटच्या सहामाहीत प्रत्येक उमेदवार शिक्षकानं एक मोठी स्वतंत्र कथा लिहावी, असा नियम केला. (स्वतंत्र म्हणजे समितीनं मंजूर केलेली.) प्राचार्य प्रभाकररावांनी त्यासाठी स्वतः एक सूचनापत्रक तयार केलं. त्या पत्रकाची तारीफ करावी तितकी थोडी.

पहिली सूचना अशी की कथा समवायी असावी. या विद्यालयात जे शिकायचं ते हातच्या उद्योगाशी जोडून शिकायचं. गणित सूत मोजता मोजता, भूगोल कापसाच्या जमिनीवरून. मग एकट्या कथेनंच काय म्हणून मोकाट हिंडावं? तेव्हा नायक निदान एकदा तरी टकळीवर सूत काढताना दिसावा. नायिका टाळावी, न टळल्यास तिच्याही हाती टकळी द्यावी आणि दोन टकळ्यांमध्ये चार हात अंतर राखावं. संघर्ष ही हिंसा असल्यानं त्याऐवजी विचारविनिमय घालावा. खलनायकाचं हृदयपरिवर्तन सातव्या पानाच्या आत उरकावं. (आठव्या पानापासून कागद पदरचा.) आणि आधी कथेचा निम्मा मसुदा दाखवावा, म्हणजे बिघाड पुढे पसरत नाही.

हे पत्रक सुलोचनेनं तोंडपाठ केलं, कारण तिला पास होणं भाग होतं. ती सिंदी रेल्वेची, मालधक्क्याजवळ मामाच्या घरी वाढलेली. मामा बाबाराव सरळ मनाचा माणूस. त्यानं सरळच सांगून टाकलं होतं, "पास झाली तं मास्तरीण हो, मी आडवा येत नाई. नापास झाली तं दिवाळी झाली का आर्वीवाल्याच्या घरी." आर्वीवाल्याला सुलोचनेनं दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा तो जेवत होता. दुसऱ्या वेळचं जेवण पहिल्या वेळचंच चालू असावं, असा तिला दाट संशय होता.

पण पाठ केलेलं हातात उतरतंच असं नाही. कागद समोर आला आणि सुलोचनेच्या हातून चिंधू उतरला. चिंधू म्हणजे सिंदीचा भुरटा चोर. त्यानं स्टेशनमास्तरचा तुरेवाला कोंबडा लांबवला आणि त्याला घोंगडीत गुंडाळून तो मालगाडीच्या डब्यात, रुईच्या गाठींमागे दडून बसला. तेवढ्यात गार्ड त्याच डब्याच्या दारात येऊन टेकला आणि त्यानं बिडी पेटवली. गाडी हलेना, गार्ड उठेना. पूर्वेकडे तांबडं फुटलं. घोंगडीत कोंबड्यानं मान ताणली, चोच उघडली...

इथे निम्मा मसुदा संपला. नियमाप्रमाणे तो समितीकडे गेला.

समिती तिघांची. सूतकताईच्या यशोदाबाई पहिल्यांदा बोलल्या. "कोंबडा काऊन व सुलोचना? कोंबडा पानावर आला का वाचनाऱ्याच्या मनात रस्सा येते. टकळी घाल." कोंबड्याच्या जागी टकळी आली.

प्रभाकररावांनी चोरीवर बोट ठेवलं. "चिंधू चोरत नाही. तो न विचारता उसनी घेतो, आणि तेही सूत काढण्याच्या अनावर ओढीनं." चिंधूची चोरी गेली. जाता जाता गार्डची बिडीही गेली.

सफाई आणि खत हे विषय महादेवरावांकडे होते. ते म्हणाले, "थे तांबडं फुटते ना, तिथं जागा मोकळी हाय. तिथं खत टाक." म्हणून ऐन तांबड्यात गार्ड आणि चिंधू यांचा कंपोस्ट खतावर विचारविनिमय झाला: पालापाचोळा आणि शेण यांचे थर द्यावेत, ओल राखावी, दर पंधरा दिवसांनी खत उलथावं, वरून माती पसरावी. विचारविनिमय चार पानं चालला. शेवटी गार्डचंच हृदयपरिवर्तन झालं. (त्यानं काय केलं होतं, हे कुणालाच आठवेना, पण परिवर्तन वाया जात नसतं.)

सुलोचनेनं सगळं मान्य केलं. कथा सात पानांत बसली. आता फक्त तीन सह्या हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी महादेवराव खताच्या खड्ड्यापाशी घोटाळताना दिसले. आजूबाजूला पाहून त्यांनी विचारलं, "पोरी, कोंबडा काढला थे बेस केलं. पन आरवला का नाई थो?"

"गुरुजी, थो तं आता कथेतच नाई."

"कथेत नाई, मले मालूम हाय. पन आरवला का?"

तितक्यात घंटा झाली. दुपारी कताईच्या वर्गात यशोदाबाईंनी तिचं सूत बराच वेळ तपासलं आणि सुताकडेच पाहत विचारलं, "चिंधू सापडला तं नाई ना व?"

सुलोचनेनं हे मनात नीट घडी घालून ठेवलं.

निकालाच्या दिवशी समितीसमोर कथेचं वाचन झालं. खताच्या दुसऱ्या पानावर यशोदाबाईंची मान कलली. तिसऱ्यावर महादेवराव घोरू लागले. खत त्यांचंच होतं. वाचन संपलं तेव्हा प्रभाकररावांनी चष्मा पुसला आणि ते खेदानं म्हणाले, "सूचना सगळ्या पाळल्या आहेत, नाही म्हणता येत नाही. पण कथेत उत्कंठा नाही. नापास करावं लागेल."

सुलोचनेच्या डोळ्यांपुढे आर्वीवाल्याचं ताट आलं. ताटामागे आर्वीवाला आला. तिनं पदर खोचला.

"करा, गुरुजी. मी आर्वीले चालली जाईन. चिंधू अन् कोंबडा, दोघंबी माह्यासंगच येतीन."

यशोदाबाईंनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवरावांनी छताकडे पाहिलं.

"म्हणजे," प्रभाकरराव घसा खाकरत म्हणाले, "तुम्हाला पुढचं ठाऊक आहे?"

"सारं ठाऊक हाय. सह्या झाल्या का सांगीन."

सह्या झाल्या. तिसरी करताना प्राचार्यांच्या घाईनं दौत लवंडली. दार आतून लावलं गेलं आणि थोड्या वेळानं आतून असं हसणं ऐकू आलं की जेवणघरातल्या बाया भाकरी तव्यावर टाकून धावल्या. प्रभाकरराव टेबलावर डोकं टेकून हसत होते आणि महादेवराव डोळे पुसत म्हणत होते, "बाप्पा! अन् वरून गार्डाच्या टोपीत!"

सुलोचना मास्तरीण झाली. मंजूर कथा विद्यालयाच्या कपाटात आहे. ती कुणालाही पाहता येते. अजून कुणी मागितलेली नाही. कपाटात नसलेली कथा मात्र तालुकाभर माहीत आहे, आणि बाबाराव मामा ती आपलीच म्हणून सांगतो.

आता वाचकांना गार्डच्या टोपीत काय झालं ते हवं असणार. सांगायला हरकत नाही. आधी एवढंच सांगा, खत किती दिवसांनी उलथायचं? वर स्पष्ट लिहिलं आहे.

नाही ना आठवत? मग समितीत एक जागा रिकामी आहे.