तायडेकाकांची फी

तायडेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी कुंडीत बोट खुपसतात, मग ते बोट हुंगतात आणि त्यानंतर घरातल्या माणसांकडे वळतात. बोटाला वास आला तर माणसांची खैर नसते.

अकोल्यात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात, व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. आता निवृत्त आहेत, तरी भेटेल त्याला सांगतात, "पाणी बंद करा." नोकरीतही यांनी एवढंच केलं, असं गल्लीत म्हणतात.

मे महिन्यात आमचा मनीप्लँट पिवळा पडू लागला. मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेली तेव्हा तो ठेवून गेली. व्हिडिओ कॉलवर ती आधी त्याला पाहते, मग मला. उन्हाचा चटका असेल, असं धरून मी रोज कूलरची टाकी भरताना त्यालाही एक मग पाणी देत होतो. पानं आणखी पिवळी झाली, तेव्हा दोन मग दिले. मे महिन्यात माझं डोकं एवढंच चालतं.

काका न बोलावता आले. बोट घातलं, हुंगलं.

"किती पाणी देऊन राहिले भाऊ याले?"

"दोन मग. ऊन किती आहे, काका!"

"ऊन बाहेर हाये. हा तर कूलरसमोर बसला साहेबासारखा. तहानेनं नाई, पाण्यानं सडून राहिला."

मी न वाचलेल्या पेपरवर त्यांनी कुंडी उलटी केली. मुळं काळी, दाबली की साल हातात येत होती. वास गटाराचा. कुंडीच्या बुडाला छिद्रच नव्हतं. शोभेची कुंडी, मीच आणलेली.

काकांनी माझ्या बायकोची शिवणाची कात्री मागून घेतली आणि सडकं तेवढं कापलं. थोडी पांढरी, टणक मुळं उरली, ती रेती मिसळलेल्या कोरड्या मातीत, छिद्राच्या कुंडीत लावली. "बोटाले कोरडं लागलं तरच पाणी. नाई तर बंद!"

त्यांच्या हातून सगळीच झाडं वाचतात असं नाही. आमचा जास्वंद त्यांनी धुऊनपुसून मारला होता.

चहा घेत नाहीत. "फी द्या," म्हणाले आणि पेरासकट एक फांदी तोडून ओल्या कागदात गुंडाळून खिशात घातली. गल्लीतल्या प्रत्येक मनीप्लँटची फांदी अशीच गेली आहे. गुलाबाचं कलम दिलं तर घेत नाहीत. विकत असतील, असा माझा हिशेब होता.

दिवाळीपर्यंत वेल खिडकीला लागली. ते सांगायला मी त्यांच्याकडे गेलो. ते कुणाला घरी बोलवत नसत. दार काकूंनी उघडलं. बैठकीत एकच कुंडी, पानं पिवळी, आणि वास दारापर्यंत. मला हसू येणार होतं.

"कोनी पाणीच नाई देल्लं बापा याले," म्हणत काकूंनी तांब्याभर पाणी ओतलं आणि बसल्या. मी खुर्ची ओढतो तोच पुन्हा उठल्या, पुन्हा तांब्या. "कोनी पाणीच नाई देल्लं."

काका मला मागच्या ओसरीवर घेऊन गेले. फळीवर बाटल्यांची रांग, प्रत्येकीत एक फांदी, मुळं फुटलेली. त्यातली एक आमची असावी.

"तिले आठवत नाई भाऊ. कवा कवा तिले मीबी आठवत नाई. झाडाले पाणी पाजाचं तेवढं ध्यानात हाये. सडलं का मी बदलून टाकतो. तिले वाटते, तेच हाये."

"पण तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"एकडाव मेलेलं पाह्यलं तिनं. आपल्या हातानं मेलं म्हणे. दोन दिवस जेवली नाई."

आतून तांब्याचा आवाज आला. काकांनी तिकडे पाहिलं. 'बंद करा' काही म्हणाले नाहीत.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, वेल कुठं गेली सगळी?"

"काकांची फी राहिली होती," मी म्हणालो. "पेरापेराशी कापून देऊन आलो."