काळी पाच, पांढऱ्या सात

सन १९७५. होळी होऊन आठ दिवस झाले होते, गहू खळ्यावर आला होता आणि जऊळका स्टेशनचा पॉइंट्समन देवमन घरी बसला होता. गहू खळ्यावर दरसाल येतो. देवमन घरी बसणं ही मात्र नवी गोष्ट होती. मालगाडीच्या डब्यावरून उतरताना त्याचा डावा पाय मुरगळला. रेल्वेच्या डॉक्टरनं प्लास्टर केलं, एकवीस दिवसांची रजा लिहून दिली आणि बजावलं, "स्वस्थ बसायचं." प्लास्टर बसलं. देवमन बसेना.

वीस वर्षं या माणसानं गाड्यांचे रूळ बदलले होते. त्याच्या हाताला काहीतरी ओढायला, फिरवायला, बदलायला लागे. पहिल्या दिवशी त्यानं घड्याळ खोललं. (ते अजून चालतं. रोज सव्वा तास पुढं जातं, एवढंच.) दुसऱ्या दिवशी बाज उसवून नव्यानं विणली. त्या बाजेवर झोपणारा माणूस पहाटेपर्यंत मधोमध गोळा होऊ लागला. तिसऱ्या दिवशी तो विहिरीच्या रहाटाचं नाव काढू लागला तेव्हा त्याची बायको रुख्मिणी दारात आडवी उभी राहिली.

"बसा ना वो जरा! पाय मोडला का डोक्सं?"

"मोडला नाई. मुरगळला."

"मंग बाकीचं घर कायले मोडून राह्यले?"

 तेवढ्यात भिवाजी आला म्हणून देवमन वाचला.

भिवाजी विहारातल्या भजन मंडळाचा गवई. पेटी त्याची, वाजवायला देवमन. गळा चांगला होता, पण त्याला शिस्त नव्हती. सकाळी काळी दोनमध्ये गाणारा भिवाजी चहा घेऊन आला की पांढरी पाचमध्ये सुरू होई. देवमनला येत होती एकच पट्टी, काळी चार. बाकीच्या वेळी तो भाता हलवी आणि तोंडावर गंभीर भाव ठेवी.

भिवाजीनं पेटी बाजेवर ठेवली. (ती लगेच मधोमध घसरली.)

"भात्यातून हवा जाते. तू रिकामाच हायेस, त एवढं चामडं लावून दे. पन देवमन्या, फकत भाता! दुसऱ्या कायले हात लावशीन त पाह्य."

"मी काय लहान हावो?"

"लहान असता त मी पेटी आनलीच नसती," असं म्हणून भिवाजी गेला.

भाता अर्ध्या दिवसात झाला. मग दुपार उरली.

त्या दुपारी देवमननं ठरवलं की पेटीचं नुसतं झाकण उघडून पाहू. पुढचं सगळं या एका ठरावातून झालं.

त्याला पेटीचा जुना राग होता. पांढऱ्या पट्ट्या रुंद आणि खाली, काळ्या अरुंद आणि उंच. एका सप्तकात पांढऱ्या सात, काळ्या पाच, आणि त्या काळ्याही कुठं दोन एकत्र, कुठं तीन. एका पट्टीवरून 'सा' धरला की बोटं एका वाटेनं जातात, दुसरीवरून धरला की वाट बदलते. प्रत्येक पट्टीची वाट वेगळी पाठ करायची. गाणं तेच असताना हा त्रास कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

खिडकीत रुळाच्या बोल्टाच्या जुन्या ढिबऱ्या, म्हणजे नट, पडल्या होत्या. हाताला चाळा म्हणून त्यानं त्या दोन ओळींत मांडल्या. सहा बाजूंच्या त्या ढिबऱ्या एकीत एक बसल्या, मोहोळाची घरं बसतात तशा. कुठल्याही ढिबरीवरून निघा, शेजारीण तेवढ्याच अंतरावर. देवमन बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं पेचकस मागवला.

चार दिवसांत त्यानं पेटीच्या सगळ्या पट्ट्या उपसल्या. त्यांच्या जागी एकाच मापाच्या नव्या पट्ट्या बसवल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला सहा कोनांची लाकडी टिकली ठोकली, एक खालच्या ओळीत, एक वरच्या ओळीत. काळी नाही, पांढरी नाही. सा-रे-ग खाली तीन, म-प-ध-नी वर चार. 'सा' वरच्या ओळीत धरला, तर तीन वर आणि चार खाली. बस्स. भिवाजीनं कुठूनही गावं, बोटांची चाल तीच.

कल्पना खरंच चांगली होती. लाकूड मात्र घरातले जेवायला बसायचे दोन्ही सागवानी पाट कापून आणलं होतं.

"आता पाहुने कायवर बसतीन?" रुख्मिणी ओरडली.

"कोनते पाहुने?"

"अंजनाले पाह्याले येतेत ना, रयवारी! आसेगावचे! मी का भितीसंगं बोलली होती काल?"

अंजना त्यांची एकुलती मुलगी. मॅट्रिक झालेली, कमी बोलणारी. मुलगा आसेगावचा, शाळेत मास्तर. अंजनानं त्याला एकदा मावशीच्या घरी लग्नात पाहिलं होतं आणि त्यानंतर आलेली दोन स्थळं तिनं डोकं दुखतं म्हणून परतवली होती. या स्थळाचं नाव निघाल्यापासून तिचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं. आईला तेवढ्यावरून समजलं. बापाला सांगावं लागलं.

त्या घरात नवी पेटी वाजवायला अंजना एका दुपारीत शिकली. देवमन तीन दिवस घासत होता.

शनिवारी रुख्मिणीनं पेटी आतल्या खोलीत गोधड्यांखाली दडवली आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"उद्या पेटीचा इषय काढाचा नाई. एक शबूद नाई. समजलं?"

"अन् त्याइनंच काढला त?"

"ते कायले काढतीन?"

रविवारी दहाच्या एस.टी.नं आसेगावचे दौलतराव आले. अकरा एकरांचे मालक, काळी टोपी, कोरडा चेहरा. सोबत त्यांची बहीण कमलीबाई. जयभीम झाला. सतरंजीवर बसवलं. चहा घेऊन अंजना आली, कमलीबाईनं तिला तीन प्रश्न विचारले, चौथा विचारला नाही आणि भावाकडं बघून मान हलवली. आतून रुख्मिणीनं ती मान पाहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"तुमी भजनात वाजवता म्हनते," दौलतराव म्हणाले.

"वाजवतो, जी. थोडं."

"बरं हाये." सभ्यतेचं बोलणं दौलतरावांच्या लेखी संपलं. आता ते कामाला लागले. "मंग, काळी किती?"

शेतकरी काळी म्हणतो तेव्हा तो शेतजमिनीचं विचारतो, आणि पांढरी म्हणतो तेव्हा गावातल्या घर-जागेचं. हे देवमनला जन्मापासून ठाऊक होतं. पण आठ दिवस त्याच्या डोक्यात एकच काळी आणि एकच पांढरी होती. त्याचा चेहरा उजळला. पाहुण्यांनीच विषय काढला, आता बायको काय बोलणार?

"काळी पाच."

"पाच." दौलतरावांनी समाधानानं मान हलवली. "अन् पांढरी?"

"पांढऱ्या सात."

दौलतरावांनी बहिणीकडं पाहिलं. नोकरदार माणूस, आणि गावात सात जागा!

"पन आता नाई," देवमन म्हणाला. "साऱ्या मोडल्या."

"मोडल्या? काळी बी?"

"काळी आंधी मोडली. तिचाच तरास जास्त. एक उच्ची, एक खाली, हे आपल्याले जमत नाई. म्हनलं, कायले ठेवा? सारं सारखं करून टाकलं."

"मंग आता काय उरलं?" दौलतरावांचा आवाज खाली आला.

"बारा तुकडे. सहा कोनाचे."

"कोनाचे?"

"सहा कोनाचे."

"तेच इचारून राह्यलो मी. कोनाचे?"

"सहा, जी! सहा कोनाचे!"

(आमच्याकडं 'कोणाचे' हा शब्द 'कोनाचे' असाच म्हणतात. दौलतरावांचा यात काही दोष नाही.)

"म्हंजे सहा जन हायेत त्याच्यात," कमलीबाई भावाला हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, "अन् तुमचा कितवा?"

"माहा? मी अजून तिसऱ्यावरच अडकतो, बाई."

"सातबारा तरी हाये का?" दौलतरावांनी विचारलं.

"हाये ना! सात बी त्याच्यातच, बारा बी त्याच्यातच. तीन खाली, चार वर, झाले सात."

"कोन्या पटवाऱ्यानं केलं हे?"

"पटवारी कायले लागते? मीच केलं. पाट कापून."

दौलतराव हादरले. त्यांच्या शिवारात पाण्याचा पाट कापला म्हणून दोन भावांची डोकी फुटली होती. "पाट कापला? कोनाचा?"

"घरचाच. दोन होते, दोनी कापले. बायको बोंबलली थोडी."

याच वेळी दारात भिवाजी उभा राहिला. शेजारीण धुरपताबाईकडून विहारात त्याला बातमी लागली होती. तिला रुख्मिणीकडून लागली होती. भिवाजीनं पाहुणे पाहिले नाहीत, जयभीम केला नाही.

"देवमन्या! माह्या काळ्या मोडल्या म्हनते तू! माह्या पांढऱ्या बी! तुले भरोशानं देल्ल्या होत्या ना बे? मले जशाच्या तशा परत पाहिजेत. नाई त पंचायतीत उभा करतो!"

दौलतराव उठले. टोपी नीट केली.

"चाल, कमले. यानं लोकायच्या बी मोडल्या."

देवमन उठायला गेला आणि प्लास्टरवर घसरून बसला. "अजी, थांबा! काय झालं? वाजवून दाखवतो ना मी!"

"वाजवलंच हाये तुमी," दौलतराव म्हणाले आणि एक पाय चपलेत घातला.

तेव्हा आतून अंजना आली. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढं न बोलावता येत नाहीत, आणि पेटी उचलून तर नाहीच. ती आली. पेटीला एक गोधडी अजून लोंबकळत होती. तिनं पेटी खाली ठेवली, गोधडी काढली, बसली आणि भाता ओढला. विहारात रोज म्हणतात ती वंदना तिनं खालच्या ओळीवरून वाजवली. मग हात तीन टिकल्या सरकवला आणि तीच वंदना पुन्हा वाजवली, चढ्या आवाजात. मग वरच्या ओळीवरून. तिची बोटं एकदाही चुकली नाहीत.

दौलतरावांचा दुसरा पाय चपलेबाहेरच राहिला.

"हे त मोहोळ हाये!" कमलीबाई वाकून म्हणाली.

आता रुख्मिणी बाहेर आली. "या पेटीच्या काळ्या मोडल्या, जी. इच्याच पांढऱ्या. हे तुकडे, अन् हे सहा कोनं. आमचं वावर साडेतीन एकर हाये, जागच्या जागी हाये. सातबारा पेटीत हाये."

सगळे पेटीकडं बघू लागले.

"लोखंडाच्या पेटीत!" रुख्मिणी ओरडली.

कमलीबाई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. भिवाजीसुद्धा भिंतीकडं तोंड करून हलत होता. दौलतराव हसले नाहीत. त्यांनी सातबारा आणवला, उजेडात धरून वाचला, घडी घालून परत दिला.

"वावर साडेतीन. ठीक. पोरगी पसंत. मी आलो तवाच पसंत होती." ते देवमनकडं वळले आणि भिवाजीकडं बोट दाखवून म्हणाले, "पन पेटी याची हाये ना?"

"याची, जी."

"यानं मोड म्हनलं होतं?"

"नाई, जी."

"मंग आयका. दुसऱ्याची वस्तू मोडून पडली हाये त्या घरात मी साक्षगंध करत नाई. पेटी जशी होती तशी याले पोचली पाहिजे. पोचली का यानंच मले कार्ड टाकावं. मंग तारीख काढू."

साखरपुड्याला एवढी अट घालून त्यांनी दुसरी चप्पल घातली. अंजना मान खाली घालून भात्याची खिट्टी लावत होती. ती खिट्टी तिला तीनदा लावावी लागली.

देवमननं जुन्या पट्ट्या पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या होत्या, खुणा न करता. तीन सप्तकं आणि वर एक, अशा सदतीस पट्ट्या. प्रत्येक पट्टी एकाच जागी बसते आणि बाकी छत्तीस जागी बसल्यासारखी दिसते. एक लावावी, दाबावी, दुसरीच बोलावी. काढावी. पुन्हा लावावी. प्लास्टर निघालं, रजा संपली, तो दिवसा कामावर जाऊ लागला. संध्याकाळी घरी आला की पेटीपुढं बसे. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा न बसलेला माणूस आता चहालाही उठत नसे.

अंजना शेजारी बसून एकेक पट्टी पुसून हातात देई.

"बाबा, होईन ना?"

"होईन."

"कवा?"

देवमननं पट्टी घासली आणि फुंकर मारली.  त्याला ठाऊक नव्हतं.

बाराव्या दिवशी सदतिसावी पट्टी बसली. देवमन पेटी डोक्यावर घेऊन विहारात गेला. भिवाजीनं पेटी पायरीवर ठेवून प्रत्येक पट्टी दाबली, काळ्या मोजल्या, पांढऱ्या मोजल्या, भात्याला कान लावला.

"भाता चोखा झाला," तो शेवटी म्हणाला. "बस. धर काळी चार."

काळी चार! देवमनची हक्काची पट्टी. वीस वर्षांचा हात. तो ऐटीत बसला, 'सा' धरला, तीन खाली गेला आणि चार वर जायला बोट उचललं. वर काहीच नव्हतं. बोट लाकडावर आपटलं. त्यानं पुन्हा धरलं. आता ते दोन पट्ट्यांच्या मध्ये पडलं आणि दोन्ही बोलल्या. तिसऱ्या वेळी भिवाजीनं गाणं थांबवलं. आता देवमनला नवी पेटी उरली नव्हती आणि जुनी येत नव्हती.

भिवाजीनं खिशातून पोस्टकार्ड काढलं, पेटीवरच ठेवून लिहिलं आणि देवमनच्या हातात दिलं.

'दौलतराव यांस जयभीम. पेटी पोचली. काळ्या, पांढऱ्या, भाता, सर्व जसंच्या तसं आहे. वाजवणारा मात्र बिघडून आला.'

देवमननं ते दोनदा वाचलं. मग स्टेशनावर जाऊन लाल डब्यात टाकलं.