बोरकुटे मास्तरची मोहरी

बोरकुटे मास्तर रोज सकाळी टिनाच्या पत्र्यावर मोहरी पाडते. ना पूजा, ना नवस. त्यायच्या आन् माझ्या अंगनाच्या मधात बांबूचं विरळ कुंपन हाये. त्याले खेटून नालीदार पत्रा अंथरते, जामाच्या झाडाच्या फांदीले चाळनी बांधते आन् दोरी हलवते. तडतड दाने पडले की हा सत्तरीचा मानूस जमिनीले गाल टेकवून पायते, कोनता दाना कुठी उडाला.

शाळेत विज्ञान शिकवत होते. बायको-लेकरं कधी नव्हतेच. कोनी म्हनलं, "मास्तर, जमिनीले फोडनी देऊन राह्यले का?" तर सांगते, "अणू सोडायची मशीन माझ्यापाशी नाही, म्हणून मोहरी. अणू धातूवर आपटून कुठी उडते त्याच्यावरून, धातूवरच्या न दिसनाऱ्या लाटा किती खोल ते समजते." समजलं कोनालेच नाई.

त्यायचं एक पालुपद होतं, "आधी पाहा, मग भ्या." नाल्यावर वाघ आला तवाही पाहाले गेले. आमी गेलो तर मास्तर झाडावर. "पाह्यलं," म्हने, "आता भेतो."

मी लय हसलो होतो. मंग पोळ्याच्या आठवड्यात माझी बायको सुमन तापानं गेली. चार दिवसांत.

अंगन रोज सुमनच झाडे. तेरवी झाल्यावर मी पयल्यांदा झाडाले घेतलं, तर कुंपनाजवळ माझ्या बाजूनं मोहरीची रेघ. दोरी धरून आखल्यावानी सरळ. हातातला झाडू पडला. आमच्याकडे दुसऱ्याच्या अंगनात मोहरी टाकली म्हंजे एकच मतलब होते, करनी. शेजारच्या शिवरामनं पाह्यलं आन् गल्लीभर झालं.

खोटं नाई सांगत, मीही भेलो. त्या भेवात थोडं बरं बी वाटलं. कोनी करनी केली असंल, तर सुमनले दवाखान्यात एक दिवस उशिरा नेलं हे माझ्या माथ्यावर येत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी दहा-बारा जन काठ्या घेऊन दारात आले. शिवराम म्हने, "भाऊ, तू फक्त हो म्हन. बाकी आमी पायतो."

अशाच एका 'हो'वर दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्याले झाडाले बांधून मारलं होतं. मारल्यावर मी त्याले पाह्यलं होतं. तोंड वळखू येत नव्हतं.

कुंपनापल्याड मास्तर चाळनी धरून उभे. हात इतके कापत होते, की मोहरी आपोआप पत्र्यावर पडत होती. "आधी पाहा," एवढंच निघालं तोंडातून.

मी कुंपनाच्या मोडक्या जागेतून तिकडे गेलो. मोहरीले हात लावाचा धीर होत नव्हता. तरी मूठ भरली, चाळनीत टाकली, दोरी हलवली. दाने टनाटन उडाले. मधात विरळ, पन दोन्ही कडेले दाट. एक रेघ मास्तरच्या अंगनात, एक कुंपनाच्या फटीतून माझ्या.

"तुले मास्तरनं शिकवलं असंल," शिवराम म्हने.

"मंग तू हलव."

त्यानं डोळे मिटून दोरी हलवली. त्याच दोन रेघा.

मागून कोनी बोललं, "आता शिवरामले बी बांधा लागते का बे?"

हसू फुटलं, काठ्या खाली आल्या. शिवराम पत्रा ठोकून म्हने, "पत्र्याचाच गुन हाये," आन् जसा पत्राच तपासाले आला होता, तसा निघून गेला.

मास्तर मातीत बसले. मी तोंडावरच बोललो, "सुमन बिमार होती तवा तरी हे बंद ठेवाचं ना!"

"ठेवलं होतं, भाऊ. सुमनबाईनंच खाटेवरून आवाज दिला, 'मास्तर, आज काऊन नाई वाजून राह्यलं?' मग विचारलं, 'दाने कडेलेच काऊन जमते?' पस्तीस वर्षं शिकवलं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नीट मांडून उद्या सांगतो, बाई. अन् दुसऱ्या सकाळी त्या..."

"मले सांगा," मी म्हनलं.

त्यायनं पत्र्याच्या लाटेवर बोट फिरवलं. वर सपाट, खाली सपाट, मधात उतार. उतार सगळ्यात उभा असते तिथी थोड्या जागेत तो बदलतच नाई. तिथी पडले ते दाने सगळे एकाच दिशेनं जाते, आन् त्याच्या पलीकडे कोनताच दाना जाऊ शकत नाई. म्हनून कडेले गर्दी.

मले अर्धंच समजलं.

"आखीन एकदा," मी म्हनलं. "हळू. तिले सांगितलं असतं तसं."