गळा सुदामचा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की चहा सांगायच्या निमित्तानं उठून जायचो. पण सुदामबद्दल आमच्या पणदऱ्यात जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सुदाम पांढरे बूट घालून वांग्यांना पाणी द्यायचा. चिखल लागू नये म्हणून बुटांवर खताच्या रिकाम्या पिशव्या बांधायचा, पण बूट काढायचा नाही. भर मे महिन्यात अंगात लाल जाकीट आणि कपाळावर गॉगल. बारामतीच्या बाजारात कुणी वांग्यांचा भाव विचारला की आधी केस मागं झटकायचा, मग भाव सांगायचा. कारण यात्राजत्रांत तो एका मोठ्या पॉप गायकाचा ‘ज्युनिअर’ म्हणून गायचा. गायकाचं नाव घेत नाही.

सुदामची बायको कुसुम म्हणायची, “लगीन एकाशी झालं, नांदतीय दोघांशी.”

मग एका सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. तो गायक हॉटेलच्या दारात बायकोला मारत होता.

आमची यात्रा तोंडावर आलेली आणि मी यात्रा कमिटीचा अध्यक्ष. बचत गटाच्या बायकांनी निरोप धाडला, “त्या माणसाच्या गाण्याला आमी टाळ्या वाजवणार न्हाय.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण गाणी मलाही आवडायची. अंघोळ करताना तोंडातून तीच चाल निघायची आणि मी दचकून गप्प व्हायचो. बाहेर कुणी ऐकलं तर काय म्हणेल?

देवळात मीटिंग बसली. सुदाम साध्या सदऱ्यात, चपला घालून आला. दोघातिघांनी तर त्याला ओळखलंच नाही.

“तात्या,” तो मला म्हणाला, “जाकीट न्हाय, गॉगल न्हाय, बूट बी न्हाय. त्या माणसाचं जे जे हुतं ते घरी ठिवलं. गाणी तेवढी म्हणू द्या. गाणं लिवलं दुसऱ्यानं, चाल लावली तिसऱ्यानं, त्याचा नुसता गळा. आन् हितं तर गळाबी माझाच हाय!”

लोक हसले. काम झाल्यात जमा होतं. तेवढ्यात कमिटीतला दिनकर म्हणाला, “गळा तुझा, पर हात कुणाचा? बायकू कुठाय तुझी? दिवाळीपासनं दिसली न्हाय.”

हसणं थांबलं.

कुसुम इंदापूरला भावाकडं होती. तिचं मन बिघडलं होतं. झोपायची नाही, माणसं बघितली की भिंतीला चिकटून बसायची. डॉक्टरकडं मीच माझ्या गाडीतून नेलं होतं. वाटेत ती थरथरत होती. सुदाम मागच्या सीटवर बसून तीच गाणी हळू आवाजात म्हणायचा, तेव्हा कुठं शांत व्हायची. उतरताना त्यानं माझा हात धरला. “तात्या, गावात कळू दिऊ नका. बरी हून आल्यावर लोकं तिच्याकडं येड्यावानी बघत्याल.”

म्हणून त्याला बोलता येईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

आजाराचं नाव काढायची गरज नव्हती. ‘तसं काही नाही, मला ठाऊक आहे,’ एवढंच पुरलं असतं. पण मग लोक विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? बायका म्हणणार, अध्यक्ष बायका मारणाऱ्यांच्या बाजूचे.

“पुढचा विषय घ्या,” मी म्हणालो.

पुढचा विषय लहान मुलांच्या पाळण्यांच्या जागेचा होता. त्यावर मी पुष्कळ बोललो. मध्ये कधीतरी सुदाम उठून गेला.

कुसुम बरी होऊन आली, तेव्हा बाया बोलता बोलता तिच्या दंडांवर वळ शोधायच्या. आता ती स्वतःच आजाराबद्दल मोकळेपणी सांगते, म्हणून मी लिहितोय. पण लोक म्हणतात, मार खाऊनच झालं असेल. सुदामनं पुन्हा स्टेजवर पाऊल टाकलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माफी मागायची ठरवून त्याच्या रानात गेलो. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज कानठळ्या बसवत होता. उसाच्या कडेनं पुढं सरकलो आणि लाईट गेली. मोटार थांबली. मागं उरला सुदामचा आवाज, गाण्याच्या मधल्याच ओळीत. गायकाची नक्कल नाही, नाकातले हेल नाहीत. बांधावर कुसुम डोळे मिटून बसली होती. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो मोटारीच्या आवाजात गात होता.

मला बघून तो गप्प झाला.

“म्हणा की वो,” कुसुम म्हणाली. “तात्याच हायत.”

तो म्हणाला नाही. “काय काम काढलं, तात्या?”

“काय न्हाय. तुझ्याकडंबी लाईट गेली का, बघायला आलो.”

“गेली की.”

कुसुमनं गोणपाट अंथरलं. आम्ही तिघं लाईटची वाट बघत बसलो. सुदामनं पोरांची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची केली. लाईट आली, मोटार धडधडायला लागली. तेव्हा मी म्हणालो, “सुदाम, चुकलं माझं. त्या दिवशी बोलायला पायजे हुतं.”

त्यानं कानामागं हात धरला. “काय म्हणाला, तात्या?”

“निघतो म्हटलं,” मी ओरडून सांगितलं.