तोंड रस्त्याकडं

आमच्या गल्लीत कुणाची गाडी कशी उभी आहे, याची काळजी गाडीच्या मालकापेक्षा बनसोडे काकांना जास्त असते. गाडी कोणतीही असो, तिची पाठ घराकडं आणि तोंड रस्त्याकडं पाहिजे. उलटी लावलेली दिसली की काका सरळ बेल वाजवतात.

मी मूळची नांदेडची. लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आले आणि काकांच्या शेजारचं घर घेतलं. पहिल्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा आणि कपाळावर आठ्या.

"मॅडम, गाडी तुमचीच का?"

"हो. का?"

"तोंड भिंतीकडं हाय."

"मग?"

"मग काय? वळवा की."

"सकाळी वळवते, काका."

तोवर गोडीत बोलणारा माणूस एकदम तापला. "सकाळी न्हाई. आत्ता!"

सामान अजून खोक्यांत होतं, चहाची भांडी सापडत नव्हती, आणि मी गाडी वळवत होते. काका रस्त्यात उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" करत होते. मनातल्या मनात मी घर बघून देणाऱ्या एजंटाचा उद्धार केला.

काकांनी सरकारी खात्यात जन्मभर जीप चालवली. निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या गाड्या वळवून घेणं हेच त्यांचं काम झालं. जूनमध्ये तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. देगलूरपासून यवतमाळपर्यंतचे आईबाप पोरांना क्लासला घालायला येतात, गादी, बादली, कूलर घेऊन. काका त्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठतात. "पोरगी डाक्टर व्हायची ती हुईलच. आधी गाडी वळवून लावा." एका पालकाला हा लातूर पॅटर्नचाच भाग वाटला. त्यांनी मुकाट्याने गाडी वळवली आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, अजून काय काय नियम आहेत इथं?"

काकांची दुसरी तऱ्हा मागच्या सीटची. तिथं एक जुनी गोधडी घडी करून ठेवलेली, बाकी सीट कायम रिकामी. एकदा त्यांनी डाळ मिलमधून मला तुरीच्या डाळीचं पोतं आणून दिलं, ते पुढच्या सीटवर बसवून, वर पट्टा लावून. काकू मागं बसू लागल्या तरी म्हणायचे, "पुढं या की, मागं काय काम हाय?" त्या वयातलं हे प्रेम बघून मला काकूंचा हेवा वाटायचा.

तर अशा काकांची डिझेल गाडी पंधरा वर्षांची झाली. तिचा धूर गल्लीच्या या टोकाला सुरू झाला की त्या टोकाची माणसं वाळत घातलेले कपडे काढायला पळायची. पीयूसीवाल्यानं नळी आत घातली आणि मशीनकडे न बघताच मान हलवली. काका म्हणाले, "थंडीचं धुकं हाय ते." एप्रिल महिना होता. फेरनोंदणी, फिटनेस, हरित कर अशी सगळी यादी ऐकून पुण्याच्या लेकानं परस्पर निकाल लावला. जुनी गाडी मोडीत काढायची आणि वडिलांना नवी इलेक्ट्रिक घ्यायची. जुनी गाडी गेली त्या दिवशी काकांनी तिच्यातून दोनच वस्तू काढून घेतल्या, डॅशबोर्डवरची बुद्धमूर्ती आणि मागची गोधडी.

नवी गाडी आली. आवाज नाही, धूर नाही, गल्लीनं पेढे खाल्ले. आणि मग उलगडा झाला की तिचं चार्जिंगचं झाकण नाकावर आहे. पॉइंट बसवला होता घराच्या भिंतीत, मीटरशेजारी. गाडीचं तोंड रस्त्याकडं ठेवलं की वायर हातभर कमी पडे. एक्स्टेन्शन लावायचं नाही, तापतं, असं कंपनीच्या माणसानं बजावलं होतं. म्हणजे चार्ज करायची तर तोंड भिंतीकडं.

काकांनी यावर काय उपाय काढावा? गाडी भिंतीकडं तोंड करून लावायची, वायर जोडायची आणि चार्जिंग होईपर्यंत स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसून राहायचं. पाच-सहा तास. चहा तिथं, पेपर तिथं, जेवणाचं ताट तिथं. चार्जिंग झालं की गाडी वळवायची आणि मगच घरात जायचं. एप्रिलचं लातूरचं ऊन, त्यात काकांना रक्तदाब.

याला एक सोपा तोडगा होता, आणि तो माझ्या हातात होता. आमची दोन फाटकं शेजारी-शेजारी, मध्ये एक सामाईक खांब. त्या खांबावर पॉइंट बसवला असता तर सगळं भागलं असतं. काकांनी मला तसं विचारलंही होतं. पण त्या खांबाला मी नुकतीच ग्रॅनाइटची फरशी लावून वर माझ्या नावाची पितळी पाटी ठोकली होती, पदवीसकट. पाटीशेजारी वायर लोंबकळणार हे मला बघवेना. मी "बघू" म्हटलं. आपल्याकडे बघू म्हणजे नाही.

एका दुपारी मी क्लासहून आले तर काका गाडीत घामानं निथळत बसलेले. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. दोन्ही मिळून मी चिडले.

"काका, हा काय हट्ट? पाच तास तोंड भिंतीकडं राहिलं तर काय भूकंप होणार आहे का?"

काकांनी पेपर वर केला. तो उलटा धरलेला होता.

संध्याकाळी काकू आल्या. पायरीवर बसल्या.

"मॅडम, तुमाला कुणी सांगितलं नसंल. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. ह्यांना लहानाचं मोठं केलं ते थोरल्या आक्कांनी. भूकंपाच्या आदल्या दिशी हे जीप घिऊन गावाकडं गेले हुते. पोचायला उशीर झाला, म्हणून जीप भिंतीकडं तोंड करून तशीच लावली. आक्का म्हनल्या, वळवून लाव रं. हे म्हनले, सकाळी वळवू."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"पहाटं सगळं पडलं. आक्कांना दगडातून काढलं, जित्या हुत्या, बोलत हुत्या. पर जीपच्या मागं समोरच्या घराची भिंत पडलेली. तोंड रस्त्याकडं असतं तर दगडावरनं चढवून काढली असती, उलटी काय चढंना. दगडं उचलू उचलू हात फुटले ह्यांचे. जीप निघाली तवा दिवस वर आलता. आक्कांना त्यांच्याच गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर घातलं. पर लातूर न्हाई आलं."

काकू उठल्या. "मी सांगितलं म्हनू नका. ते कुणाला सांगत न्हाईत. नुस्तं गाड्या वळवून राहिलेत."

त्या घरी गेल्यावर मी खूप रडले. मग डोळे पुसले आणि इलेक्ट्रिशियनला फोन केला.

दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइटला भोक पडलं. पाटी पदवीसकट आत, दाराशेजारी गेली. काका कंबरेवर हात ठेवून बघत होते. "अवो मॅडम, पाटी कशाला काढली? चांगली दिसून राहिली हुती."

"आत ऊन लागत नाही तिला," मी म्हटलं.

आता काकांची गाडी तोंड रस्त्याकडं करून चार्ज होते आणि काका सावलीत खुर्ची टाकून बसतात. मागच्या सीटवर नव्या कोऱ्या कव्हरवर ती जुनी गोधडी आहे.

परवा चाचणी परीक्षेचे पेपर घेऊन मी संध्याकाळी घरी आले. जीव अगदी थकून गेला होता. गाडी तशीच नाकासमोर आत घातली, उतरले, दोन पायऱ्या चढले. मनात आलं, सकाळी वळवू. तशीच मागं फिरले आणि गाडी वळवून लावली.

काका फाटकात उभे होते. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणाले नाहीत. जवळ आले, काचेतून आत डोकावले.

"हे गठ्ठे तेवढे पुढं घ्या, मॅडम. मागची सीट रिकामी असू द्या."

मी पेपरांचे गठ्ठे उचलून पुढच्या सीटवर ठेवले आणि त्यांना पट्टा लावला.

"हां," काका म्हणाले. "आता बिनघोर झोपा."