मधुकरचा रुमाल

मुलाखतीला जाताना लोक सर्टिफिकेटं नेतात. आमचा मधुकर कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल न्यायचा. राइस मिलच्या मालकाच्या खोलीत शिरला की आधी रुमाल खिडकीत अंथरायचा, वर टेबलावरचा पेपरवेट ठेवायचा आणि मग विचारायचा, "बसू का जी?" मुलाखत झकास व्हायची. शेवटी मालक म्हणायचे, "तुला काही विचारायचंय?" झालं! हा उठून रुमाल अलगद टेबलावर मांडायचा. "साहेब, अर्ध्या तासात तुमच्या भट्टीतल्या तुसाची एवढी राख. बाकीची कोठी जाते जी?"

राख कुठंही जावो, मधुकर पुढच्या एसटीनं घरी यायचा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भंडाऱ्याला आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सरांनी एकदा विचारलं, नोकरी देणाऱ्या मालकानं आणखी काय द्यावं? कोणी बोनस म्हटलं, कोणी क्वार्टर. मी तर स्कूटरच मागितली. मधुकर म्हणाला, "काही नको जी. आपली राख आपल्यापाशी ठेवावी, बस." अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. सगळ्यात जोरात मी.

पास झाल्यावर रुमालापायी अशा बऱ्याच नोकऱ्या हुकल्या. मग मोहाडीत, त्याच्या घरामागच्याच राइस मिलमध्ये जागा निघाली. मायला एकटं टाकून दूर जायला नको म्हणून ही नोकरी त्याला हवीच होती. मी हात जोडले. "अबे, एवढ्या बारी तरी चूप राह्य ना! काहून सोन्यासारखी नोकरी घालवून राहिला?" त्यानं निमूट रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि गेला.

मी त्याच्या घरीच थांबलो. माय डोळ्यांनी अधू; हाताच्या अंदाजानं हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. अंगणात तिचं पांढरं लुगडं वाळत होतं.

"बापू, मधू माहं लुगडं रोज दोनदा धुते. वाळलं का पुन्हा बुडवते. येडं हाय का रे ते? पाह्य बरं, पांढरं दिसते ना?"

मी पाहिलं. मिलमागच्या उघड्या ढिगावरून राख उडून येत होती. लुगडं काळ्या ठिपक्यांनी भरलं होतं. एवढी वर्षं या पठ्ठ्यानं मायला पत्ता लागू दिला नव्हता, आणि मी बाक बडवला होता! लाज वाटली स्वतःची.

"एकदम पांढरं, माय," म्हटलं, लुगडं ओढलं आणि सरळ मिलकडे पळालो.

आत मालक विचारत होते, "काही विचारायचं?" मधुकर मान खाली घालून म्हणत होता, "नाही जी."

मी लुगडं टेबलावर टाकलं. "याले नसंल, मले विचारायचं आहे! राख कोठी जाते तुमची?"

मालक लुगड्याकडे बघतच राहिले. "कोणाचं आहे हे?"

"मायचं," मधुकर पुटपुटला. "पण तिले सांगू नका जी."

मालकांनी लुगड्याची नीट घडी घातली. "सोमवारी ये. पहिले खड्डा खणून तो ढीग पुरून घे, पुढची राखही त्यातच. तुह्या डोळ्यांदेखत."

त्यानंतर लुगडं दिवसातून एकदाच धुतलं जाऊ लागलं. मी गेलो की मायची तक्रार ठरलेली. "नोकरी लागली अन् पोट्टं आळशी झालं, बापू."

"हो ना माय," मधुकर हसून म्हणायचा, "झालो खरा."